भंगारातला पंप, हॉस्टेलची बाग आणि २३० व्होल्ट

जालन्यात राहून भंगाराला नाक मुरडणं काही बरोबर नाही. इथली एमआयडीसी त्याच्यावरच तर चालते! देशभरातलं मोडकं लोखंड इथल्या इंडक्शन फर्नेसमध्ये वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. जुनी माणसं 'जालना सोने का पालना' म्हणायची. आता पाळणा लोखंडाचा झालाय, एवढंच.

पण कूलरचा पंप या धंद्यात कुठेच बसत नाही. लोखंड मूठभर, बाकी प्लास्टिकचं खोकं आणि त्यात एपॉक्सीत गाडलेली वाइंडिंग. पत्रा गंजून कूलर भंगारात निघतो, तेव्हा आतला पंप बऱ्याचदा धडधाकट असतो. बंद पडलाच असेल तर नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे) बोअरच्या जड पाण्याचे क्षार इंपेलरवर बसलेले असतात. पुढची जाळी काढा, चुंबकाचा रोटर ओढून काढा, लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवा. निम्मे तरी पुन्हा फिरतात. असे पंप काढून हॉस्टेलच्या बागेला लावावेत, या मताचा मी आहे. फक्त आपल्याकडे जुगाड म्हटलं की लोक डोकं बाजूला ठेवतात, म्हणून हा लेख.

परदेशातले हौशी लोक वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप काढून बागेला लावतात. आपल्या घरी मात्र बहुतेक मशीन सेमी-ऑटोमॅटिक. त्यात पंपच नसतो, पाणी उतारानं जातं! तो पंप मिळतो मुख्यतः फ्रंट लोडमध्ये. शिवाय तो काही मिनिटं चालण्यासाठीच बनवलेला, आणि आतलं पाणी हेच त्याचं कूलिंग. ड्रम रिकामा झाला आणि आपण मेसला गेलेलो, की संपला.

मग उरतो कूलरचा पंप. साधारण १८ ते ४० वॉटचा. त्याच्यावर 'हेड १.८ मीटर' असं काही छापलेलं असतं आणि आपली पोरं समजतात की तेवढ्या उंचीवर तो पाणी देईल. अहो, दुसऱ्या वर्षाला पंपाचे कर्व्ह काढलेत ना? त्या उंचीला डिस्चार्ज शून्य असतो! कामाचं पाणी मीटरभर उंचीपर्यंतच. ड्रममधून शेजारच्या वाफ्यात पाणी सोडायला तो उत्तम. वीज तर नगण्य: २०० लिटर पाणी दीड मीटर उचलायला एक वॉट-अवरसुद्धा लागत नाही. पंपाची एफिशियन्सी कितीही रडकी धरली तरी बिलात दिसणार नाही. पण ठिबकच्या नळीला साधारण एक किलोचा दाब लागतो, म्हणजे दहा मीटर हेड. तिथे हा पंप नुसता गुरगुरतो.

आता खरा मुद्दा. हा पंप २३० व्होल्टचा आहे आणि पाण्यात बुडवायचा आहे. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी तरी गेल्याची बातमी येतेच. बागेत तर त्याहून वाईट: ओली माती, अनवाणी पाय, उन्हानं तडकलेली केबल आणि चिकटपट्टीचा जोड. 'एमसीबी आहे ना' म्हणू नका. ती सहा-दहा अँपिअरला पडते. माणसाला काही दहा मिलिअँपिअर पुरतात. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल, तर पंप ड्रममध्ये टाकूच नये. बागेत काम आपण करत नाही, माळीमामा करतात. जुगाड आपलं आणि जीव त्यांचा, हे मला पटत नाही.

म्हणूनच माझं मत आरओच्या बूस्टर पंपाला. तो २४ व्होल्ट डीसीवर चालतो. अडॅप्टर खोलीत कोरड्या जागी, बाहेर फक्त दोन वायरी. डायफ्रॅमचा असल्यामुळे पाणी स्वतः ओढतो आणि दाब ठिबकला पुरून उरतो. पाणी मात्र थोडं. तासाला ४० लिटर धरलं तर चार लिटरचे दहा ड्रिपर, म्हणजे दहा झाडं. त्याला पाण्यात बुडवायचं नाही आणि आधी गाळणी लावायची. मेंब्रेन बदलताना कंटाळून लोक अख्खं मशीनच बदलतात, तेव्हा स्टाफ क्वार्टरमध्ये विचारलं तर दोन-तीन सहज मिळतील.

सीनियर म्हणतील, पाणीच नाही तर पंप काय करायचाय? खरंय. २०१३ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, तिथे पंप काही कमी नव्हते. पण आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नाल्यात सोडतो. ते ड्रममध्ये घेता येतं. क्षार जास्त असतात, म्हणून रोज एकाच झाडाला नको, आणि तुळशी-गुलाबाऐवजी कण्हेर, बोगनवेल बरी. आणि ड्रम उंचावर ठेवता आला तर पंपच नको. निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी शहरात उतारानंच यायचं!

डेडस्टॉकची निर्लेखन यादी लवकरच निघेल. त्यात कूलर 'नग' म्हणून वजनावर जातात. सही होण्याआधी एक दिवस इलेक्ट्रिकलच्या पोरांना आणि लॅब असिस्टंट सरांना द्यावा, पंप काढून मेगरनं तपासू द्यावेत, नापास झालेले परत ढिगात टाकावेत. आरसीसीबीचा खर्च मेस फंडातून करायचा की कॉलेजनं द्यायचा, ते रेक्टर सरांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर कॉलेजनं.