मोहगावची गोंडी शाळा आणि आपली मादरी जबान

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचं एक छोटं गाव आहे. आपल्या शीव-धारावीपासून म्हटलं तर राज्याचं दुसरं टोक. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची शाळा काढली. नाव ठेवलं पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. माध्यम गोंडी. राज्यातली ही पहिली गोंडी माध्यमाची शाळा. २०२२ मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली की शाळा अनधिकृत आहे, बंद करा, नाहीतर दंड भरा. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली.

आपल्या घरांत ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. आदिवासींचा मामला, आपला काय संबंध, असंच वाटतं. संबंध आहे, आणि तो कायद्याच्या त्याच कलमांतून येतो ज्यांच्यावर आपल्या शाळा उभ्या आहेत.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८ म्हणतं की मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही. दंड एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावं. मोहगाववाल्यांनी दुसरं कलम पाळायला घेतलं आणि पहिल्यात अडकले. गोंडी मुलांसाठी सरकारने आधीच गोंडी शाळा काढल्या असत्या तर गावाला ही उठाठेव करायची गरजच नव्हती.

आता आपल्याकडे बघा. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांनाही बाहेर ठेवलं. म्हणजे कलम ३० ची छत्री आपल्या डोक्यावर आहे. हे कलम धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या दोघांसाठीही आहे. गोंडी बोलणारे भाषेने अल्पसंख्यच आहेत, मग ती छत्री त्यांच्यावर का धरली जात नाही? आणि आपलीही कायमची समजू नका. १ सप्टेंबर २०२५ ला अंजुमन इशाअते तालीम ट्रस्टच्या प्रकरणात (हे प्रकरण महाराष्ट्रातलंच) दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमतीच्या निकालावरच शंका घेतली आणि मोठ्या पीठाकडे प्रश्न पाठवण्यासाठी तो सरन्यायाधीशांपुढे ठेवला. टीईटीच्या गडबडीत आम्ही शिक्षक मंडळी अडकलो, त्यामुळे ही बाजू मागे पडली.

भाषेची ताकद कशावर ठरते? नुसत्या डोक्यांवर नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, भिली बोलणारे एक कोटीच्या वर. दोन्ही आठव्या अनुसूचीत नाहीत. बोडो बोलणारे त्याच जनगणनेत १५ लाखांच्या आसपास, पण २००३ मध्ये संथाळीबरोबर बोडो अनुसूचीत आली, कारण तिच्यामागे वर्षानुवर्षं चळवळ उभी होती. नेपाळमध्ये तामांग लोकांच्या संघटनेने १९५० च्या दशकापासून हेच काम धरून ठेवलंय. गोंडीची अडचण अशी की तिचे लोक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत विखुरलेत. कुठल्याच राज्याला ती आपली वाटत नाही.

उर्दूचं नशीब त्यापेक्षा बरं. १५ एप्रिल २०२५ ला पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरची उर्दू सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं बजावलं. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारचा पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला. तो २९ जूनला मागे घेतला गेला, मोठा वाद झाला. मराठी की हिंदी यावर सगळे बोलले. ज्या मुलासाठी मराठीही शाळेत भेटणारी दुसरी भाषा आहे, त्या गोंड, कोरकू, भिल्ल मुलाबद्दल किती जण बोलले?

आणि जरा आपल्या घरात डोकावू. आपण 'मादरी जबान उर्दू' असं बिनधास्त लिहितो. कोकणी मुसलमानाच्या घरात आजी-नानी बोलते ती कोकणी. मेमन घरात मेमनी. दख्खनी तर आपण उर्दूच्या हिशेबात कधीच घालून टाकली, आणि वर तिला 'बिघडलेली उर्दू' म्हणून पोरांना टोकतो. पहिलीत येणारं मूल 'मेरेकू होना' म्हणालं की वर्गात हशा होतो. हसणारे आपणच, सरकार नाही. मोहगावात मात्र गावाने उलटं केलं. घरातली बोली घेऊन थेट फळ्यापाशी गेले.

मी उर्दूच्या विरोधात नाही, माझी रोजीच तिच्यावर आहे. पण उर्दू शाळांचे पट घसरतायत त्याचा दोष फक्त महापालिकेवर टाकून चालणार नाही. पोरांना इंग्रजी माध्यमात घालायचं आणि उर्दूसाठी मोर्चाला यायचं, हे आपलं चाललंय. मोहगावच्या लोकांनी निदान आपली मुलं त्याच शाळेत बसवली.

१ मार्च २०२७ हा नव्या जनगणनेचा संदर्भ दिवस आहे. गणना करणारे आपल्याच शाळांतले शिक्षक असतील. मातृभाषेच्या रकान्यात ते विचारतील ते लिहितील. घरच्यांनी सांगितलं नाही तर अंदाजाने लिहितील. घरात कोकणी असेल तर कोकणी सांगा, दख्खनी असेल तर दख्खनी. दुसरी भाषा लिहायलाही जागा असते, तिथे उर्दू येते.