खड्डे मग, आधी माणसं!

गगनबावड्यात गावाच्या बागेत सर्वांसाठी फळझाडं लावूया, पण पन्नास नकोत, दहाच! राज्याने २०१९ साली ३३ कोटींचं लक्ष्य ठेवलं होतं. आकड्यांची हौस तेव्हाच फिटली. इथल्या पावसात बुडाशी पाणी साचून रोप कुजतं, म्हणून उंचवटा करून लावायचं. खरी परीक्षा एप्रिल-मेची. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही आणि आपण पेपर देऊन घरी! तेव्हा सुट्टीत पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा. कोकमाचं मादी झाडाचं कलमच घ्या. बियांच्या रोपांत नरही निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात (तोवर आपण नोकरीला!). कलमाच्या जोडाखालचे धुमारे काढत राहा, नाहीतर खुंटच माजतो. फळं कोणाची? गावातल्या पोरांची. ‘फळे तोडू नयेत’ अशी पाटीच लावायची असेल, तर सरळ गुलमोहर लावा.