भाष्यकाराची मर्यादा

परवा कल्याणच्या एका जुन्या चाळीत फराळाला गेलो होतो. चकली खुसखुशीत होती. गप्पा मात्र कडक झाल्या. घरमालक म्हणाले, "सगळ्या खोल्यांचं भाडं मिळून घरपट्टीसुद्धा भागत नाही. तो जुना कायदा कोर्टानं तेव्हाच मोडीत काढायला हवा होता!" कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "आणि मग आम्ही कुठं गेलो असतो?"

दोघांचेही खरे. 1947 साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रण कायदा झाला तो जागेच्या टंचाईत भाडेकरूला आधार देण्यासाठी. भाडे बांधले ते बहुधा 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला. कायदा होता तात्पुरता. पण मुदत वाढत गेली आणि भाडे तिथेच थिजले. मालक न्यायालयात गेले. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. तरीही त्या रद्द केल्या नाहीत. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणार होती आणि नव्या कायद्याची तयारी चालली होती. जुन्या तरतुदी पुन्हा तशाच पुढे रेटल्या, तर त्या टिकणार नाहीत, एवढी तंबी मात्र दिली. पुढे 1999 चा कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि भाड्यात दरसाल 4 टक्के वाढ करायची मुभा मिळाली.

वर्गात मी मुलांना मल्लिनाथाचे व्रत सांगतो: कालिदासावर टीका लिहायची, पण मुळात नाही ते लिहायचे नाही. न्यायाधीशही कायद्याचा टीकाकारच. फरक एवढाच, की संविधानाशी विसंगत असलेली ओळ तो खोडू शकतो. पण तिच्या जागी आपली ओळ लिहू लागला, तर तो टीकाकार कसला?

"आणि विधिमंडळ पन्नास वर्षं झोपलं तर?" मालकांनी बिनतोड विचारले. उशीर झाला, त्याची झळ त्यांना बसली, हे मी नाकारले नाही. पण भाडे किती असावे हा मालक आणि आजी यांच्यातला सौदा आहे. तो ठरवणाऱ्याला दोघांनाही जाब विचारता आला पाहिजे. न्यायाधीशाला मत देऊन घरी बसवता येत नाही, आमदाराला येते.

"मग हे 4 टक्के कमी पडतात, ते कुणाला सांगू?" मालकांनी विचारले.

आजींनी लाडवाची बशी पुढे सरकवली. "आमदार येतीलच की दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. तुम्ही विचारा, मीही विचारीन."