विश्लेषण : गोंदियात चांगलं थाई जेवण कसं शोधायचं? 'नियर मी'चा शोध, रेटिंगचे तारे आणि थायलंड सरकारचं जुनं धोरण

शनिवारची संध्याकाळ आहे. घरात कुणीतरी रील बघून थाई ग्रीन करीचा हट्ट धरला आहे. फुलचूर किंवा कुडव्यातल्या घरात बसून तुम्ही मोबाइलवर 'थाई रेस्टॉरंट नियर मी' असं टाइप करता. समोर येतात ते चायनीज कॉर्नर, फॅमिली रेस्टॉरंट आणि थेट नागपुरातली हॉटेलं. नागपूर रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. ग्रीन करीसाठी एवढं कोण जाणार?

मग यादीतल्या ४.५ तारेवाल्या ठिकाणी ऑर्डर जाते आणि हिरव्या रंगाची, कॉर्नफ्लोअरनं घट्ट झालेली ग्रेव्ही घरी येते. तीनशे-चारशे रुपये गेले, आणि 'थाई म्हणजे हेच का?' हा प्रश्न मागे राहिला.

हा प्रश्न फक्त चवीचा नाही. कुठे खायचं हे आता शेजारी-पाजारी कमी आणि मोबाइल जास्त ठरवतो. तो हे कसं ठरवतो, तारे किती खरे असतात आणि थाई जेवण ओळखायचं कसं, हे समजून घेऊ.

थाई जेवण जगभर पोहोचलं कसं?

जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात थाई रेस्टॉरंट सापडतं. थायलंडची लोकसंख्या सुमारे ७ कोटी, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरीच कमी. तरीही हे घडलं, कारण त्यामागे सरकारी धोरण होतं.

२००२ मध्ये थायलंड सरकारनं 'ग्लोबल थाई' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा जगभरात सुमारे ५,५०० थाई रेस्टॉरंट होती आणि ती ८,००० पर्यंत नेण्याचं उद्दिष्ट होतं. परदेशात हॉटेल काढणाऱ्या थाई लोकांना सरकारी बँकांकडून कर्ज मिळालं, आचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं. व्यापार खात्यानं रेस्टॉरंटचे तीन तयार नमुनेच आखले. साध्या, स्वस्त हॉटेलसाठी 'एलिफंट जम्प', मधल्या दर्जासाठी 'कूल बेसिल' आणि महागड्यासाठी 'गोल्डन लीफ'. आज परदेशातल्या थाई रेस्टॉरंटची संख्या १५,००० च्या पुढे सांगितली जाते.

हिशेब सरळ होता. परदेशी माणूस आधी थाई जेवण खाईल, मग थाई तांदूळ आणि मसाले विकत घेईल, मग फिरायला थायलंडला येईल. जेवणाच्या मार्गानं देशाची ओळख वाढवण्याच्या या पद्धतीला 'गॅस्ट्रोडिप्लोमसी' म्हणतात.

याच धोरणातून 'थाई सिलेक्ट' हे प्रमाणपत्रही आलं. ते थायलंडचं वाणिज्य मंत्रालय देतं. परदेशातलं एखादं रेस्टॉरंट खरोखर थाई पद्धतीनं स्वयंपाक करतं की नाही, हे तपासून ते दिलं जातं. मोठ्या शहरात गेलात आणि दारावर हे चिन्ह दिसलं, तर ती एक भरवशाची खूण समजा. डिसेंबर २०२४ मध्ये 'टॉम यम कुंग' या झिंग्यांच्या आंबट-तिखट सूपचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही झाला.

मग गोंदियासारख्या शहरात अडचण काय?

भारतात थाई जेवण आलं ते पंचतारांकित हॉटेलांच्या वाटेनं. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलमध्ये १९९३ मध्ये शेफ आनंद सोलोमन यांनी 'थाई पॅव्हिलियन' सुरू केलं. तिथून ते हळूहळू मॉल, मध्यमवर्गीय हॉटेलं आणि डिलिव्हरी अॅपपर्यंत उतरलं.

आता ओढ वाढण्याचं आणखी एक कारण आहे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाची सूट दिली. २०२४ मध्ये २० लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले. बँकॉक-पट्टायाची सहल आता विदर्भातल्या ट्रॅव्हल एजंटच्या जाहिरातीतही असते. तिथं खाऊन आलेला माणूस इथं तीच चव शोधतो.

पण थाई स्वयंपाकाचा जीव ताज्या पाल्यात आणि कंदात आहे. गलंगल (आयुर्वेदाच्या दुकानात ज्याला कुलिंजन म्हणतात तो आल्याच्या जातीचा कंद), काफिर लाइमची पानं, थाई बेसिल यांचा माल छोट्या शहरात रोज येत नाही. मागवला तर तो खपायला हवा. दिवसाला दोनच ग्रीन करी विकल्या गेल्या, तर उरलेला पाला सडतो. त्यामुळे हॉटेलवाला बाटलीबंद पेस्टवर भागवतो किंवा चायनीजच्याच कढईत 'थाई' नावाची डिश करतो. यात प्रत्येक वेळी फसवायचा हेतू असतो असं नाही. मागणी कमी असली की गणितच तसं होतं.

मोबाइल सगळ्यात चांगलं हॉटेलच वर दाखवतो का?

नाही. गूगलच्या म्हणण्यानुसार स्थानिक शोधाचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात : तुम्ही जे शोधताय त्याच्याशी ते ठिकाण किती जुळतं, ते किती जवळ आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे. 'किती चविष्ट' हे मोजायचं यंत्र त्यात नाही.

म्हणून नावाला महत्त्व येतं. न्यूयॉर्कमध्ये एका रेस्टॉरंटनं आपलं नावच 'थाई फूड नियर मी' ठेवलं. लोक जे शब्द टाइप करतात, तीच पाटी. आपल्याकडे 'चायनीज, थाई, मोगलाई, साउथ इंडियन' अशी लांबलचक पाटी असते, तिचाही फायदा ऑनलाइन असाच होतो. मेन्यूत एक जरी डिश 'थाई' असली, तरी ते हॉटेल शोधात येऊ शकतं.

डिलिव्हरी अॅपवर आणखी एक गोष्ट बघा. वरच्या काही हॉटेलांपुढे बारीक अक्षरात जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं. ती जागा पैसे देऊन घेतलेली असते.

तारे किती खरे?

२०१७ मध्ये लंडनच्या डलिच भागात ऊबा बटलर या पत्रकारानं घरामागच्या शेडचं एक खोटं रेस्टॉरंट ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवलं. 'द शेड अॅट डलिच' हे त्याचं नाव. तिथं कुणीच जेवत नव्हतं. मित्रमंडळींकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले आणि काही महिन्यांत ते लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट ठरलं.

तारे विकत घेण्याचा मोह का होतो? तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेले मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास केला. 'येल्प'वर एक तारा वाढला की स्वतंत्र हॉटेलांची कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. मोठ्या साखळी हॉटेलांवर हा परिणाम दिसला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे ताऱ्यांवर पोट अवलंबून आहे ते छोट्या हॉटेलवाल्याचंच. खोट्या कौतुकानं शेजारचा पुढे गेला किंवा खोट्या निंदेनं आपण मागे पडलो, तर फटका त्यालाच बसतो.

भारतात यासाठी भारतीय मानक ब्युरोनं 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. ते २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं. अभिप्राय लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. मात्र ते ऐच्छिक म्हणून आणलं गेलं. त्यामुळे थोडी तपासणी आपणच करायला हवी.

- सरासरी तारे बघून थांबू नका. अभिप्राय 'नवीन आधी' असे लावून वाचा. आचारी बदलला की जुने तारे निरुपयोगी.
- एकाच आठवड्यात आलेले, 'बेस्ट फूड, नाइस सर्व्हिस' छापाचे पाच-पाच तारे बाजूला ठेवा.
- तीन तारे देणाऱ्यांचं आधी वाचा. काय आवडलं आणि काय नाही, हे तेच सविस्तर सांगतात.
- अभिप्रायात 'थाई' हा शब्द शोधा. ४.५ तारे पनीर बटर मसाल्याचे असतील, तर त्यांचा ग्रीन करीशी संबंध नाही.
- हॉटेलनं टाकलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी काढलेले बघा.

ताटावरून थाई कसं ओळखायचं?

थाई जेवणात आंबट, गोड, खारट आणि तिखट या चवी एकत्र येतात. आंबटपणा लिंबाचा किंवा चिंचेचा, गोडी ताडगुळाची, खारटपणा माशांपासून केलेल्या 'फिश सॉस'चा. करी दाट होते ती नारळाच्या दुधानं. चमच्याला चिकटणारा, चकचकीत घट्टपणा दिसला तर ते कॉर्नफ्लोअर आहे आणि पदार्थ चायनीजच्या घराण्यातला आहे.

वासावरही लक्ष ठेवा. टॉम यम सूपमध्ये गवती चहाचा वास यायलाच हवा. हा गवती चहा आपल्या परसात असतो, आपण तो चहात टाकतो. तो सहज मिळत असूनही सूपमध्ये नसेल, तर स्वयंपाकघरानं कष्ट घेतलेले नाहीत. कच्च्या पपईचं सॅलड, म्हणजे 'सोम तम', खलबत्त्यात कुटून करतात. कच्ची पपई आपल्याकडे मिळते, त्यामुळे छोट्या शहरात हीच डिश जमण्याची शक्यता जास्त.

मेन्यूची लांबीही बोलकी असते. दीडशे पदार्थांत तीस थाई असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा ताजा माल ठेवणं शक्य नाही. तीन-चारच थाई पदार्थ असतील आणि 'आज बेसिल नाही, करी उद्या मिळेल' असं कुणी सांगत असेल, तर ते हॉटेल लक्षात ठेवा.

शाकाहारी आणि अॅलर्जी असलेल्यांनी काय विचारावं?

इथं चूक महागात पडू शकते. पारंपरिक थाई करी पेस्टमध्ये 'कपी' असते, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची चटणी. 'व्हेज थाई करी' असं लिहिलेलं असलं, तरी तयार पेस्ट कुठली वापरली यावर ती खरोखर शाकाहारी आहे का, हे ठरतं. 'पेस्टचं पाकीट दाखवाल का?' असं विचारायला लाजू नका. पाकिटावर हिरवा गोल असेल तर शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. पॅड थाई आणि सॅलडवर फिश सॉस घालतात का, तेही विचारा.

शेंगदाण्याची किंवा झिंग्याची अॅलर्जी असेल, तर आधीच सांगा. मेन्यूवर अॅलर्जीची माहिती देण्याचा नियम केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना लागू आहे. गल्लीतल्या एकट्या हॉटेलवर ती लिहिलेली असेलच असं नाही.

बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे का, हेही बघा. जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तक्रार असेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

गोंदियासाठी यात काय आहे?

गोंदिया आणि थायलंड यांच्यात वाटतं त्यापेक्षा जास्त साम्य आहे. दोन्हीकडे धान हेच मुख्य पीक. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राईस मिलसाठी ओळखला जातो. मामा तलाव, बोड्या, नवेगावबांध आणि इटियाडोहमुळे गोड्या पाण्यातली मासळी आणि झिंगेही आहेत. थायलंडच्या 'होम माली' या सुवासिक तांदळाला युरोपीय संघानं भौगोलिक मानांकन दिलं आहे, तसंच आपल्या शेजारच्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळालाही भारतात मिळालं आहे.

फरक पुढच्या टप्प्यात आहे. थायलंडनं तांदळाबरोबर ताटही विकलं. गोंदियातून तांदूळ बाहेर जातो, पण पुण्या-मुंबईत 'झाडीपट्टीचं जेवण' शोधायला गेलं तर सावजी आणि वऱ्हाडीच्या पुढे यादी फारशी सरकत नाही. गोंदियात थाई शोधणाऱ्याची जी अडचण, तीच पुण्यात गोंदियाची चव शोधणाऱ्याची. कर्ज, आचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि दर्जाची खूण या तीन गोष्टी थायलंडनं एकत्र केल्या. जिल्ह्याच्या पातळीवर बचत गट, मच्छीमार संस्था आणि पर्यटन विभाग यांनी हेच लहान प्रमाणात करून बघायला हरकत नाही. नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकापासून सुरुवात करता येईल.

तोवर शनिवारच्या संध्याकाळचं काय? ऑर्डर करण्याआधी हॉटेलला एक फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : करीत नारळाचं दूध घालता का, आणि सूपमध्ये गवती चहा असतो का? उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर मागवा. 'सगळं मिळतं साहेब' असं आलं, तर त्या रात्री त्यांचे नूडल्स खाणं बरं. आणि जेवण आवडलं किंवा बिघडलं, तरी पदार्थाचं नाव घेऊन चार ओळींचा खरा अभिप्राय लिहा. कुडव्यातून पुढच्या शनिवारी जो 'नियर मी' टाइप करेल, त्याला त्याचाच उपयोग होणार आहे.