स्थानकाशेजारचे घर

घर घेताना आपले वाडवडील पाणी पाहत आणि शेजार पाहत. शहरे पसरली तसा आणखी एक प्रश्न त्यांत येऊन मिळाला : स्थानक किती दूर? हैदराबादच्या मराठी माणसाला तो नवा नाही. काचीगुड्याचे स्थानक १९१६ साली उभे राहिले आणि मनमाडच्या वाटेने मराठवाड्याशी ये-जा तेथून होऊ लागली. पुढे २८ नोव्हेंबर २०१७ रोजी मियापूर ते नागोल या ३० किलोमीटर मार्गावर मेट्रोचे उद्घाटन झाले. ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुलतान बाजारातून जाणारा टप्पाही खुला झाला आणि एकूण मार्ग सुमारे ६९ किलोमीटरांचा झाला.

गाडी आली की जागेचे भाव चढतात, हे आपण सारे ऐकतो. ते का चढतात, हे समजून घेतले तर व्यवहारात फसगत टळते. जमीन होती तशीच राहते; कमी होतो तो कचेरी, शाळा, बाजार गाठण्याचा वेळ. हा वाचलेला वेळ हवा असणारे अनेक असतात आणि स्थानकाजवळच्या जागा मोजक्याच. त्यांच्या चढाओढीत वेळेची किंमत जागेच्या किमतीत उतरते.

मार्गाची नुसती घोषणा होताच विक्रेता भाव वाढवून सांगू लागतो. उशिरा येणारा ग्राहक म्हणून न धावणाऱ्या गाडीचेही पैसे मोजून बसतो. शिवाय हा लाभ पायी चालण्याच्या अंतराबरोबर ओसरतो. नकाशावर स्थानक जवळ दिसते, पण मध्ये ओलांडता न येणारा हमरस्ता असला तर ते दूरच म्हणावे. आणि खांबांवरून जाणारा मार्ग अगदी खिडकीसमोर आला, तर दुकानाला जी वर्दळ मानवते तीच घराची शांतता आणि उजेड हिरावून घेते.

वाढलेला भाव मिळतो तो मालकाला. भाडेकरूच्या वाट्याला वाढीव भाडे येते. सुलतान बाजारातील व्यापाऱ्यांनी उन्नत मार्गाला दीर्घकाळ विरोध केला, त्यामागे बाजार मोडण्याचे भय होते. जुन्या शहरातील नियोजित मार्गासाठी घरे-दुकाने घेताना, जानेवारी २०२५ मध्ये, चौरस गजाला ८१,००० रुपये मोबदला ठरला. जमिनीचा भाव असा ठरवता येतो; पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली गिऱ्हाइकी गजाने मोजता येत नाही.

हा भाव सार्वजनिक कामातून निर्माण होतो, मग त्यातला वाटा त्या कामाला परत का मिळू नये? हैदराबादेत ४ सप्टेंबर २०१०च्या कराराने मेट्रो बांधणाऱ्या कंपनीला सुमारे १८५ लाख चौरस फूट बांधकामाचा हक्क दिला होता. पंजागुट्टा, एर्रमंझिल, हायटेक सिटी आणि मुसारामबाग येथे मॉल उभे राहिले. पण अपेक्षेच्या मानाने बांधकाम थोडेच झाले, तोटा साचत गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मेट्रो सरकारने ताब्यात घेण्याचे तत्त्वतः ठरले. महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. मुंबई, पुणे, नागपूर येथे घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार आकारला जाऊ लागला. तो भरतो मात्र नवा खरेदीदार. ज्याची जागा आधीपासून मार्गालगत आहे, त्याला त्याची झळ थेट लागत नाही.

तेव्हा वडिलार्जित घर विकणाऱ्या भावंडांनी दलालाच्या पहिल्या आकड्यावर सही करू नये. दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. घेणाऱ्यांनी गाडी प्रत्यक्ष धावते की कागदावरच आहे ते पाहावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन स्थानकापर्यंतची वाट एकदा भर दुपारी चालून यावे. भाडेकरूंनी मुदतीचा व भाडेवाढीचा करार लेखी करून घ्यावा. स्थानक जवळ आले की तोंडी शब्दाचे आयुष्य कमी होते.