उसनी फूटपट्टी

पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घातल्याखेरीज चहाच्या कपाला हात न लावणाऱ्या एखाद्या गृहस्थाला विचारावे, 'व्यायाम चुकला तर आपणांस अपराधी वाटते काय?' तो गोंधळेल. त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. अपराधी वाटायला त्याने कोणाचा गुन्हा केलेला नसतो. परंतु छापील प्रश्नावलीत 'चुकल्याचुकल्यासारखे' या भावनेसाठी रकाना नाही.

व्यायामामागील प्रेरणा मोजणारी एक प्रसिद्ध प्रश्नावली वेल्समधील बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली सिद्ध केली आणि २००४ साली तिची १९ विधानांची सुधारित आवृत्ती निघाली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण. पुढे या गुणांना भार देऊन एकच आकडा काढण्याची रीत आहे. व्यायामात आनंद वाटत असेल तर अधिक तीन, त्याचे महत्त्व पटले असेल तर अधिक दोन. अपराधीपणातून किंवा लाजेतून केला तर उणे एक, घरच्यांनी सांगितले म्हणून केला तर उणे दोन. गंमत अशी की, नियमित व्यायाम न झाल्यास बेचैन होणे ही अधिकाची बाजू आहे आणि अपराधी वाटणे ही उण्याची! म्हणजे भाषांतरकाराने ओघवत्या मराठीच्या मोहाने अपराधीपणाच्या जागी 'चुकल्यासारखे वाटते' असे लिहिले, तर वर्षानुवर्षे व्रतस्थपणे नमस्कार घालणाराच उण्यात जाईल. एका शब्दाने माणसाची निष्ठा दोष ठरते.

यावर विद्वानांचे ठरलेले उत्तर असते : आम्ही उलट भाषांतर करून पडताळतो. मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून घ्यायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. परंतु या पडताळणीत सर्वांत निर्जीव भाषांतर सर्वांत चांगले उत्तीर्ण होते. 'अपराधी' हा शब्द इंग्रजीत निमूटपणे परत जातो. मधल्या मध्ये मराठी माणूस काय समजला, हे कोणी विचारीत नाही. मान्य पद्धतीत तज्ज्ञांची समिती आणि प्रत्यक्ष लोकांवर चाचणी याही पायऱ्या आहेत. पण त्या चाचणीसाठी तालमीतला पोऱ्या, भातलावणी करणारी बाई किंवा निवृत्त शिक्षक यांच्यापर्यंत जावे लागते. ते कष्ट टाळून महाविद्यालयातील इंग्रजी जाणणाऱ्या मुलांकडून कागद भरून घेतले की भागते! भातलावणीत दिवसभर वाकणारी बाई 'मी व्यायाम करीत नाही' असेच सांगणार; तिच्या लेखी ते काम आहे.

'घरच्यांनी सांगितले म्हणून' हे तर वेगळेच प्रकरण. वस्तादाच्या शब्दावर जोर मारणारा मल्ल किंवा वडिलांच्या शिस्तीत वाढलेला मुलगा यांना परप्रेरित म्हणायचे काय? या सिद्धान्ताचे पुरस्कर्तेच सांगतात की, स्वायत्तता म्हणजे एकटेपणा नव्हे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे मनापासून स्वीकारणाराही स्वायत्तच. मग तसे विचारणारे वाक्य मराठीत का घडवू नये? शाखेत रोज जाणाऱ्या स्वयंसेवकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. हुकूम आणि शिस्त यांतले अंतर तो तासाभरात अनुभवतो.

मोजमापालाच नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. 'आमच्याकडे सारे होतेच' असे म्हणून ते स्वस्थ बसतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले, ते योगाला प्रयोगशाळेत नेण्यासाठी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. परीक्षेला सामोरे जाण्याचे भय या मंडळींना नव्हते. त्यांच्या वारसांनी, मानसशास्त्राच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी एका टेबलाशी बसून मराठी माणसाच्या तोंडची वाक्ये गोळा करावीत, त्यांवर चाचणी घ्यावी आणि मगच आकडे काढावेत. तोवर अशा उसन्या कागदावर मिळालेले उणे गुण कोणी मराठी माणसाच्या आळसाचा पुरावा म्हणून पुढे केले, तर आधी तो मराठी कागद मागून घ्यावा आणि त्यातील वाक्ये मोठ्याने वाचून दाखवावीत.