रोज पाणी मारलं म्हणजे हिरवळीची काळजी झाली?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, अंगणातल्या हिरवळीची काळजी म्हणजे संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं पाणी मारायचं, असा आपल्याकडे समज आहे. माझं मत स्पष्ट आहे: या रोजच्या शिंपडण्याने हिरवळ नाजूक होते, आणि पाणी वाया जातं ते वेगळंच.

कारण साधं आहे. रोज वरवर पाणी मिळालं की मुळंही वरच्याच थरात राहतात. मग दोन दिवस नळाला पाणी आलं नाही की गवत लगेच माना टाकतं. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदाच, पण माती वीतभर खोल भिजेल इतकं पाणी द्या. मुळं ओलाव्यामागे खाली जातात. वेळ सकाळची बरी. रात्रभर पाती ओली राहिली की बुरशीला आयतं निमंत्रण!

किती पाणी लागतं, हे मात्र मुलांनाच मोजू द्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. समजा हिरवळ ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे आणि आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी दिलं. उत्तर येतं ५०० लिटर! हिरवळीवर सरळ कडांचा एखादा रिकामा डबा ठेवा, फवारा सुरू करा आणि साचलेलं पाणी पट्टीने मोजा. क्षेत्रफळाचा धडा इतका चांगला पुस्तकात होणार नाही.

आता हे ५०० लिटर मे महिन्यात, जिथे गल्लीत टँकर येतो तिथे, गवताला द्यायचे का? मी म्हणतो, नको. हिरवळ तपकिरी होऊ द्या. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वाच, वरून वाळली तरी जमिनीखाली जिवंत असते. शेतकऱ्याला विचारा, काडीएवढा तुकडा राहिला तरी ती पुन्हा शेत धरते! तो तिला वैतागतो, पण अंगणात तिचा हाच गुण कामाचा. पाऊस पडला की ती फुटते. तेव्हा वाळलेली हिरवळ उपटून नवं कार्पेट लॉन आणायची घाई करू नका.

कापताना एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. यंत्राचं पातं धारदार हवं, नाहीतर गवत कापलं न जाता फाटतं आणि टोकं पांढरट पडतात. बारीक कापलेलं गवत तिथेच राहू द्या, त्याचंच खत होतं. आंब्याच्या दाट सावलीत हरळी येत नाही, तिथे हट्ट नको.

आणि हो, ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी. शाळेच्या आवारात ती मला मुळीच पटत नाही. हरळी पायांना पुरून उरते. भर पावसात चिखल असेल तेवढे दिवस मुलांना थांबवा, कारण ओली माती तुडवली की घट्ट बसते. एरवी मुलं रोज एकाच वाटेने पळतात तिथे टक्कल पडतंच. तेवढ्या पट्ट्यात फरश्या टाका आणि बाकीची हिरवळ खेळायला मोकळी ठेवा.